पकड बदलताना

मैत्रिणींनो, गोल्फ हा काही आपला खेळ नव्हे. आमच्या तालुक्याच्या गावात गोल्फचं मैदान तर सोडाच, साधं हिरवं गवतसुद्धा पावसाळ्यापुरतंच दिसतं. तरी आज मी तुम्हाला एका गोल्फपटूची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव बेन होगन. माणूस अमेरिकेतला, जाऊनही बरीच वर्षं झाली. त्याची माझी ओळख झाली ती माझ्या लेकीच्या बॅडमिंटनमुळे.

झालं असं, की लेक नववीत. चौथीपासून बॅडमिंटन खेळते. तालुक्याला पहिली, जिल्ह्याला उपांत्य फेरीपर्यंत जाऊन आलेली. पुढे आणखी मजल मारली तर दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील, ही माझी आशा. आणि अशात तिला नवे सर मिळाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, की मुलीची रॅकेटची पकडच चुकीची आहे. तव्याचा दांडा धरावा तशी ती रॅकेट धरते. नवी पकड शिकावी लागेल आणि निदान वर्षभर निकालाकडे बघायचं नाही.

पकड बदलली आणि जिला ती डोळे मिटून हरवायची, त्या मुलींकडूनही हरायला लागली. घरी येऊन जेवायची नाही. मला सरांचा इतका राग आला, की क्लास बंद करायचं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. चाललेली गाडी उघडून बसायची गरज काय, असंच मला वाटत होतं.

त्याच दिवसांत पुण्याचे आमचे भाऊजी मुक्कामाला आले. साहेबलोकांच्या नादाने त्यांना गोल्फचं वेड लागलेलं. माझं रडगाणं ऐकून त्यांनी बॅगेतलं एक पुस्तक काढून दिलं. होगनचं, १९५७ सालचं, फटका कसा मारायचा याचे पाच धडे सांगणारं. त्यातली हातांची चित्रं बघता बघता मी त्या हातांच्या मालकाच्या आयुष्यात कधी शिरले ते कळलंच नाही. मग मिळेल ते वाचत गेले. मनात प्रश्न एकच होता. मोठ्या खेळाडूने आपली फटक्याची पद्धत मोडून नवी घेतली, तर पुढच्या दहा-वीस वर्षांत त्याला त्याचा खरंच फायदा होतो का?

बेनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२चा, टेक्सास राज्यातला. वडील लोहार. गावाकडे मोटारी वाढत गेल्या तसं घोड्यांच्या नालांचं काम आटत गेलं. माणूस आतून खचला आणि १९२२ साली त्यांनी आत्महत्या केली. बेन तेव्हा नऊ वर्षांचा. आई क्लारा तीन मुलांना घेऊन फोर्ट वर्थ शहरात राहिली. शिवणकाम करून तिने घर चालवलं. शिलाई मशीनवर संसार ओढणाऱ्या बायका आपल्याही गल्लीत आहेत, त्यामुळे क्लारा मला परकी वाटलीच नाही. थोरला भाऊ कामाला लागला आणि बेन रेल्वे स्टेशनवर वर्तमानपत्रं विकू लागला.

अकराव्या वर्षी त्याला कळलं, की गोल्फच्या मैदानावर श्रीमंतांच्या काठ्यांची पिशवी वाहिली तर पेपर विकण्यापेक्षा जास्त पैसे मिळतात. अशा पोराला कॅडी म्हणतात. तिथेच त्याच्या वयाचा आणखी एक कॅडी होता, बायरन नेल्सन. १९२७ च्या नाताळात कॅडींची स्पर्धा झाली. दोघे बरोबरीत आले आणि शेवटी नेल्सनने एका फटक्याने बाजी मारली. पुढची कितीतरी वर्षं हेच होत राहिलं. नेल्सन पुढे, बेन मागे.

सतराव्या वर्षी, १९३० साली, बेन व्यावसायिक खेळाडू झाला. म्हणजे बक्षिसाच्या पैशावर पोट भरायचं. आणि पैसे तर मिळेनात! अमेरिकेत तेव्हा मंदीचा कहर. दौऱ्यावर निघायचं, पैसे संपले की घरी परतायचं, मिळेल ती नोकरी धरायची, चार पैसे साठले की पुन्हा निघायचं. असं एकदा नाही, अनेकदा झालं.

त्याचं दुखणं काय होतं, ते समजून घेण्यासाठी खेळाबद्दल दोन शब्द. गोल्फमध्ये मैदानावर अठरा ठिकाणी खळगे असतात. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या अठरा खळग्यांत घालायचा. लांबचा फटका मारताना खेळाडू काठी मागे नेतो, वर उचलतो आणि अर्धवर्तुळात खाली आणून चेंडूला हाणतो. या सगळ्या हालचालीला स्विंग म्हणतात. काठीचं तोंड चेंडूला लागताना जरा जरी वाकडं असलं, की चेंडू हवेत वळतो आणि झाडीत जातो.

बेन चणीने लहान. उंच, धिप्पाड खेळाडूंइतका लांब फटका मारायचा म्हणून तो काठी खूप मागे नेई आणि सगळा जोर हातांतून काढी. काठीवरचे हातही असे ठेवी, की जोर लागला की काठीचं तोंड आपोआप डावीकडे मिटे. चेंडू लांब जायचा, पण शेवटी झपकन डावीकडे वळायचा. याला हुक म्हणतात. दहा फटके सुरेख आणि अकरावा झाडीत. त्या अकराव्या फटक्यातच सगळी कमाई जायची.

१९३५ साली त्याने व्हॅलरी फॉक्सशी लग्न केलं. मैत्रिणींनो, या व्हॅलरीबद्दल फार लिहिलं जात नाही. पण दौऱ्यावर जुन्या गाडीत शेजारी बसलेली तीच असायची. एकदा तर पैसे इतके कमी होते, की दोघांनी जाणं परवडेना. बेन म्हणत होता, एकट्याने जातो. ती त्याला तयार नव्हती. फोर्ट वर्थच्या एका हॉटेलात त्यांची ही वादावादी हेन्री पिकार्ड नावाच्या नामवंत खेळाडूच्या कानावर पडली. दोघांनी बरोबरच जावं, पैसे कमी पडले तर मी आहे, असा शब्द त्याने दिला. ते पैसे बेनला कधी घ्यावे लागले नाहीत, पण पाठीशी कुणीतरी आहे या विचाराने तो निघाला. पुढे १९४८ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं, ते त्याने पिकार्डलाच अर्पण केलं.

१९३८ च्या सुरुवातीची गोष्ट. कॅलिफोर्नियात ओकलंडला स्पर्धा होती. हाताशी अगदी थोडे डॉलर. ही शेवटची संधी, नाहीतर गोल्फ सोडायचं असं ठरलेलं. आणि सकाळी उठून बघतात तर रात्री चोरांनी गाडीची चाकंच काढून नेलेली! दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून बेन मैदानावर पोचला आणि असा खेळला, की बक्षिसाच्या रकमेने पुढचा रस्ता मोकळा झाला. ते दोघं घरी परतले असते तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

या काळात बेन काय करत होता? सराव. त्या काळी बाकीचे खेळाडू सामना संपला की घरी जात. बेन अंधार पडेपर्यंत चेंडू मारत राही. पण नीट विचार करा, कष्ट तर तो १९३० पासूनच करत होता. तरी एकट्याच्या बळावर पहिली मोठी स्पर्धा जिंकायला त्याला १९४० साल उजाडलं. म्हणजे दहा वर्षं! चुकीचीच गोष्ट रोज पाचशे वेळा केली तर चूकच पक्की होते. पोळी लाटताना हात एकदा चुकीचा बसला की हजार पोळ्यांनंतरही ती गोल होत नाही, तसंच हे.

पिकार्डने त्याला हातांच्या पकडीबाबतही मदत केली. हुक थोडा आवरला. १९४० साली बेनने पाठोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या आणि १९४०, ४१, ४२ अशी तीन वर्षं तो कमाईत सगळ्यांच्या पुढे होता. पण चार मोठ्या मानाच्या स्पर्धा, ज्यांना मेजर म्हणतात, त्या काही हाती लागेनात. ताण वाढला की जुना हुक मांजरासारखा परत घरी यायचा.

मग महायुद्ध आलं. १९४३ ते ४५ बेन सैन्यात. परत आला तेव्हा नेल्सनच्या नावाचा डंका वाजत होता. १९४५ या एका वर्षात नेल्सनने अठरा स्पर्धा जिंकल्या होत्या, त्यांतल्या अकरा तर ओळीने.

१९४६ साली बेनने हुकचा कायमचा बंदोबस्त केला. डावा हात काठीवर थोडा डावीकडे सरकवला. काठी वर गेली की डावं मनगट किंचित मागे वाकवायचं. एवढंच! पण यामुळे काठीचं तोंड थोडं उघडं राहू लागलं. आता पाहिजे तेवढा जोर लावला तरी ते डावीकडे मिटत नव्हतं. चेंडू सरळ जाई आणि शेवटी अलगद उजवीकडे टेकत असे. नेमकं काय केलं ते त्याने वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नाही. १९५५ साली एका साप्ताहिकात ते छापून आलं, तेव्हा अख्ख्या गोल्फजगताने त्यावर उडी टाकली.

१९४६ साली तो तेरा स्पर्धा जिंकला आणि त्यात पहिली मेजर होती. १९४८ साली आणखी दोन मेजर. वय छत्तीस. सगळं जुळून आलं असं वाटत असताना २ फेब्रुवारी १९४९ चा दिवस आला.

बेन आणि व्हॅलरी गाडीने घरी निघाले होते. टेक्सासमध्ये व्हॅन हॉर्न गावाजवळ दाट धुकं. समोरून दुसऱ्या गाडीला ओलांडत येणारी बस थेट अंगावर आली. त्या एका क्षणात बेनने स्टिअरिंग सोडलं आणि बायकोच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. तिला वाचवायला गेला आणि त्यानेच त्याचा जीव वाचला. कारण स्टिअरिंगचा दांडा त्याच्या सीटमधून आरपार गेला होता. तिला किरकोळ लागलं. त्याचं ओटीपोटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गळ्याजवळचं हाड, बरगडी, डावा घोटा मोडला. पुढे पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या. व्हॅलरीने धावपळ करून न्यू ऑर्लिन्सहून नामांकित शल्यचिकित्सक ऑक्स्नर यांना हवाई दलाच्या विमानाने बोलावून घेतलं. गुठळ्या हृदयाकडे जाऊ नयेत म्हणून त्यांनी पोटातली मोठी शीर बांधून टाकली. जीव वाचला, पण पायांचा रक्तपुरवठा कायमचा अधू झाला. गोल्फ तर दूरच, हा चालेल की नाही याचीच शंका होती.

अपघातानंतर सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, तो फिलाडेल्फियाजवळ मेरियनला यूएस ओपन खेळायला उभा राहिला. पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या. शेवटच्या दिवशी एकाच दिवसात छत्तीस खळगे खेळायचे होते, म्हणजे दिवसभराची पायपीट. तिघे बरोबरीत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा. आणि बेन जिंकला!

त्यानंतर तो वर्षाला मोजक्याच स्पर्धा खेळू शके. पण नऊपैकी सहा मेजर त्याने अपघातानंतर जिंकल्या. १९५३ साली सहा स्पर्धा खेळला आणि पाच जिंकल्या, त्यांत तीन मेजर. स्कॉटलंडच्या कार्नूस्टीला ब्रिटिश ओपन खेळायला तो आयुष्यात त्या एकाच वर्षी गेला. चार फेऱ्यांत प्रत्येक वेळी आदल्या फेरीपेक्षा कमी फटके घेत जिंकला. परतल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली, उंच इमारतींतून कागदाच्या फितींचा पाऊस पडला. एका लोहाराच्या पोराची ही वरात!

इथपर्यंत वाचून मी भाऊजींना फोन केला आणि सांगून टाकलं, की पटलं बाई, पद्धत बदलली की माणसाचं भाग्य बदलतं. भाऊजी हसले आणि म्हणाले, की त्याच वर्षी जन्मलेल्या दुसऱ्या दोघांचंही वाचा.

वाचलं, आणि माझा निकाल जरा डळमळला. नेल्सनचा जन्मही १९१२ चाच. त्याचा स्विंग होगनपेक्षा वेगळा. इतका एकसारखा, की काठ्या-चेंडू तपासायला अमेरिकेत एक यंत्र बनवलं तेव्हा त्याला त्याचंच नाव दिलं. तिसरा सॅम स्नीड, तोही १९१२ चाच. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला. झाडाच्या फांद्या तोडून केलेल्या काठ्यांनी, थोरल्या भावाचं बघून शिकलेला. त्याचा स्विंग उपजत, वाहत्या पाण्यासारखा. नेल्सनने ५२ स्पर्धा जिंकल्या, होगनने ६४ आणि स्नीडने ८२! स्नीडची शेवटची जीत १९६५ ची, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. मेजर मोजल्या तर होगन ९, स्नीड ७, नेल्सन ५. म्हणजे तीन पद्धती आणि तिघेही थोर. मग श्रेय पद्धतीचं म्हणायचं की माणसाचं?

शिवाय होगनच्या यशात पद्धतीखेरीज इतरही गोष्टी होत्याच. नेल्सन १९४६ साली जवळजवळ निवृत्त होऊन शेतीकडे वळला, एक मोठा प्रतिस्पर्धी कमी झाला. आणि खळग्याजवळचे छोटे फटके, ज्याला पटिंग म्हणतात, त्यात स्विंगचा काही उपयोग नसतो. उतारवयात होगनने सामने घालवले ते तिथेच. लांबचा फटका अचूक आणि दोन हातांवरचा चेंडू आत जाईना. १९५५ च्या यूएस ओपनमध्ये जॅक फ्लेक नावाच्या फारशा नाव नसलेल्या खेळाडूने त्याला बरोबरीनंतरच्या फेरीत हरवलं. गंमत म्हणजे फ्लेकच्या हातातल्या काठ्या होगनच्याच कारखान्यातल्या होत्या!

आणि पुढच्या पिढ्यांचं काय? इंग्लंडच्या निक फाल्डोने १९८५ पासून स्विंग नव्याने बांधायला घेतला. दोन वर्षं हाल झाले, लोक हसले. १९८७ साली त्याने ब्रिटिश ओपन जिंकली आणि एकूण सहा मेजर मिळवल्या. उलट ऑस्ट्रेलियाचा इयान बेकर-फिंच. १९९१ साली ब्रिटिश ओपन जिंकला आणि चेंडू आणखी लांब जावा म्हणून स्विंगमध्ये बदल करत गेला. हातची लय गेली ती गेलीच. १९९७ साली त्याच स्पर्धेत एका फेरीत ९२ फटके घेऊन तो बाहेर पडला. आपण फाल्डोची गोष्ट सांगतो, बेकर-फिंचची सांगत नाही, म्हणून आपल्याला वाटतं बदल नेहमीच फळतो.

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर काय? मला जे उमगलं ते सांगते. होगनचा बदल फळला, कारण त्याला एक ठरावीक दुखणं होतं आणि हा उपाय नेमका त्याच दुखण्यावर होता. फाल्डोलाही आपला स्विंग ताणाखाली टिकत नाही हे माहीत होतं. बेकर-फिंचला तर दुखणं नव्हतंच, होतं त्यात आणखी हवं होतं. आणि होगनचं औषध सगळ्यांना लागू पडत नाही, हे तर भाऊजींनीच सांगितलं. हौशी लोकांचा चेंडू बहुधा उलट, उजवीकडे भरकटतो. त्यांनी होगनसारखा हात ठेवला की चेंडू आणखीच उजवीकडे पळतो. भाऊजींचा तसाच पळतो! शेजारणीची गोळी आपण घेतली की व्हायचं ते होतं.

दुसरं म्हणजे, पद्धतीची खरी परीक्षा पहिल्या वर्षी होत नाही. ती अंगात मुरलेली असेल तर अंग थकल्यावरही साथ देते. होगनचे पाय गेले, पण हात तेच राहिले. १९६७ साली मास्टर्स स्पर्धेत, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्याने शेवटचे नऊ खळगे अवघ्या तीस फटक्यांत पूर्ण केले. लंगडत चालणाऱ्या त्या माणसासाठी प्रेक्षक उभे राहिले होते. पकड बदलल्याला तेव्हा वीस वर्षं उलटून गेली होती.

बेन होगन २५ जुलै १९९७ रोजी फोर्ट वर्थलाच गेला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. मूलबाळ नव्हतं. बासष्ट वर्षांच्या संसारानंतर व्हॅलरी मागे राहिली आणि १९९९ साली तीही गेली.

पुस्तक मिटलं आणि मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. भांडायला नाही, विचारायला. मुलीचं दुखणं नेमकं कोणतं, एवढंच विचारलं. त्यांनी लेकीला बोलावलं आणि तिच्या डाव्या बाजूला शटल टाकत गेले. जुन्या पकडीने तिचं मनगट वळतच नव्हतं, प्रत्येक वेळी पूर्ण अंग फिरवावं लागत होतं. तालुक्याला ते खपून गेलं. जिल्ह्याला मुली हेरून तिथेच मारत होत्या, म्हणून गाडी उपांत्य फेरीत अडत होती. मग नवी पकड. पहिल्यांदा मला ते डोळ्यांनी दिसलं. आणि खरं सांगते, लेकीलाही तेव्हाच दिसलं. तोवर तिला फक्त सांगितलं गेलं होतं, पटवलं गेलं नव्हतं.

क्लास चालू आहे. वाढीव गुणांची आशा मी यंदापुरती तरी सोडली आहे, आणि ती सोडणं सोपं गेलं असं मुळीच म्हणणार नाही. एक वही केली आहे. तिच्यात सामना जिंकला की हरला ते लिहायचं नाही, डाव्या बाजूचे किती गुण मिळाले तेवढंच लिहायचं. गेल्या रविवारी ती पुन्हा हरली. पण घरी आल्यावर आधी वही काढली, आकडा लिहिला आणि मग ताट मागितलं.

आकडा सात होता. मागच्या महिन्यात दोन होता.